सावकाराच्या वहीपासून खराट्यापर्यंत : परटाच्या घरच्या गाडगेबाबांची गोष्ट

बीड : आज 20 डिसेंबर, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. ग्रामपंचायतीत आणि शाळेत फोटोला हार पडेल. चार जण नवे खराटे हातात धरून फोटो काढतील आणि दुपारपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर येईल. त्याला काही हरकत नाही. पण बाबा काही हातात खराटा घेऊन जन्माला आले नव्हते. ते जन्मले परटाच्या घरात. त्या घराचं वाटोळं आधी दारूनं केलं, मग सावकाराच्या वहीनं. खराटा त्यानंतर हातात आला. ही अलीकडची बाजू फोटोत दिसत नाही, म्हणून ती सविस्तर सांगायला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तर जास्तच, कारण या महिन्यात कितीतरी घरांना कुलूप आहे, माणसं उचल फेडायला उसाच्या फडात गेली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची लेकरं पण सोबत गेली आहेत.

बाबांचं मूळ नाव देबू. देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव, आताचा अंजनगाव सुर्जी तालुका, जिल्हा अमरावती. आईचं नाव सखूबाई. जात परीट.

परीट म्हणजे काय, हे आजच्या पोरांना नीट सांगावं लागतं. त्यांनी लाँड्री पाहिली, परीट पाहिला नाही. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी हा एक. त्यानं वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन आपलं बलुतं घ्यायचं. पैसा नाही, ज्वारी. ती पण शेतकऱ्याची रास किती झाली, त्याची नियत कशी आहे, यावर. दुष्काळ पडला की कुणब्याच्या खळ्यात काही नाही, मग परटाच्या घरात कुठून येणार? शिवाय बाळंतिणीचे कपडे, मयताच्या घरचे कपडे, सोयर-सुतकाचं सगळं धुणं परटाकडंच. ज्या कपड्याला घरचे लोक हात लावत नसत, तो परटीण नदीवर घेऊन जायची. आणि लग्नात नवरदेवाच्या पायाखाली पायघड्या अंथरायचा मान पण परटाचाच. मान असा, की दुसऱ्याच्या पायाखाली अंथरायचं. पण तो मान सोडायला परीट तयार नसायचा, कारण त्या दिवशी तरी चार लोकांसमोर त्याचं नाव घेतलं जायचं.

कामाची रीत मोठी कष्टाची होती. घरोघर फिरून कपडे गोळा करायचे, गाठोडं बांधायचं, खाराच्या पाण्यात भिजवायचे, रात्री भट्टी लावून वाफ द्यायची आणि तांबडं फुटायच्या आत गाढवावर टाकून नदीवर न्यायचे. दगडावर आपटून धुवायचे. पांढऱ्याला नीळ, धोतर-पागोट्याला खळ. थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि उन्हाळ्यात पाणी शोधत हिंडायचं. नदीच्या वाळूत, झुडपांवर कपडे वाळत घालायचे आणि पोरांना राखण बसवायचं. नदीवर गेलेल्या पोरानं शाळेत कधी जायचं, हा प्रश्न कोणी विचारतच नव्हतं.

आता एक गोष्ट बघा. गावात शंभर घरं असली तरी कोणाचं धोतर कोणाच्या घरी गेलं असं सहसा होत नसे. परीट कपड्याच्या कोपऱ्याला बिब्ब्याचा ठिपका द्यायचा. पाटलाची खूण वेगळी, कुलकर्ण्याची वेगळी, वाण्याची वेगळी. बिब्ब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना बिब्बा सांगायची गरज नाही. म्हणजे ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तो अख्ख्या गावाचा हिशोब बिब्ब्याच्या ठिपक्यांवर चोख ठेवत होता. त्याचं डोकं कमी नव्हतं. फक्त सावकाराच्या वहीतली अक्षरं त्याची नव्हती. देबूच्या घराचं पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

झिंगराजीला दारूचं व्यसन लागलं. देवाला कोंबडं-बकरं कापायचं, त्यासोबत दारू, भाऊबंदांच्या पंगती, अशी त्यावेळची रीत. रीत म्हणून सुरू झालेली दारू रोजची झाली. जे होतं नव्हतं ते विकलं गेलं आणि 1884 साली झिंगराजी गेला. देबू आठ वर्षांचा. सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर दापुरा, मूर्तिजापूर तालुका, पूर्णा नदीच्या बाजूचं गाव. तिथं तिचा भाऊ चंद्रभान शेती करत होता. जातीनं परीट, पण खाऊनपिऊन सुखी शेतकरी.

देबू मामाच्या घरी गुरं राखायला लागला. मोठा झाला तसा नांगर धरला. पोहण्यात पटाईत, कामाला वाघ. पेरणी असो, कापणी असो, दोन गड्यांचं काम एकटा ओढायचा. रात्री गावात भजन असलं की टाळ घेऊन तिथं हजर. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. 1892 मध्ये लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातली वाटावी अशी आहे. पुढची पण तशीच आहे, दुर्दैवानं.

चंद्रभान मामानं सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. मामाला वाचता येत नव्हतं. माल निघाला की तो सावकाराच्या घरी नेऊन घालायचा, पैसे द्यायचा आणि भरवशावर परत यायचा. पावती नाही, लेखी काही नाही. मामाच्या मनात कर्ज फिटत चाललेलं, वहीत मात्र वाढत चाललेलं. देबूला याचा वास आला होता, पण मोठ्या माणसापुढं भाच्याचं किती चालणार? शेवटी एक दिवस वहीतला आकडा बाहेर आला, आणि ज्या जमिनीवर मामानं आणि देबूनं घाम गाळला होता ती जमीन सावकाराच्या नावावर गेली. मामानं हाय खाल्ली. त्यातून तो उठलाच नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही शेतकऱ्याच्या कर्जाची पहिली बातमी नव्हती आणि शेवटची पण नाही.

मामा गेल्यावर सगळा भार देबूवर आला. काही दिवसांनी सावकाराची माणसं उरलेल्या शेताचा ताबा घ्यायला आली. देबू औत हाकत होता. तो बाजूला झाला नाही. उलट आलेल्या माणसांच्या अंगावर धावून गेला. त्या दिवशी ताबा न घेताच सावकाराची माणसं परत गेली. ज्या काळात सावकाराच्या ओट्यावर बसायची पण सोय नव्हती, त्या काळात एका परटाच्या पोरानं हे केलं. याची आठवण पुण्यतिथीच्या भाषणात सहसा कोणी काढत नाही. शांत, हसरे, फाटक्या कपड्यातले बाबा सगळ्यांना पटतात. कासरा हातात घेऊन बांधावर उभा राहिलेला देबू जरा अडचणीचा असतो.

देबूच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. बाप दारूनं गेला, मामा न वाचलेल्या कागदानं गेला. पुढं पन्नास वर्षं त्यांनी जे सांगितलं, त्यातलं निम्मं या दोन मयतांमधून आलं आहे.

पहिला बदल त्यानं घरातच केला. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू द्यायची होती. भाऊबंद वाट बघत बसलेले. देबूनं गोडधोडाचं जेवण वाढलं. नातेवाईक चिडले, नावं ठेवली. परटाच्या जातपंचायतीचा त्यावेळी धाक मोठा, वाळीत टाकलं तर लग्नकार्य बंद. तरी देबू मागं सरला नाही. आपल्याकडं जत्रेत कंदुरीसाठी आजही उसनवारी करून बकरं आणणारी घरं आहेत. त्यांनी विचार करावा, सव्वाशे वर्षांपूर्वी एका अडाणी माणसाला हे कसं जमलं असेल.

1 फेब्रुवारी 1905 ला देबूजीनं घर सोडलं. घरात म्हातारी आई, बायको, लहान लेकरं. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि मातीचं गाडगं. या घर सोडण्याबद्दल लोक भक्तिभावानं बोलतात, पण कुंताबाईचं काय झालं असेल याचा विचार कमी होतो. नवरा जिवंत आहे आणि घरात नाही, शेती आहे आणि राबणारा नाही. पुढं ऋणमोचनला आई आणि बायको झोपडीत राहिल्या. नवऱ्याच्या नावानं लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या बाईच्या वाट्याला झोपडीच आली. बाबांच्या मोठेपणाची किंमत त्यांच्या घरच्यांनी पण मोजली, हे लिहायला पाहिजे.

बारा वर्षं ते फिरत राहिले. कुठं कोणाचं शेत निंदून दे, कुठं लाकडं फोडून दे, कुठं रस्ता झाडून दे. मोबदल्यात भाकरी आणि वर कांदा-चटणी. गाडग्यातच खायचं, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. अंगावर वेगवेगळ्या चिंध्या जोडलेला सदरा. कोणी चिंधेबुवा म्हणायचं, कोणी गोधडेबुवा. गाडग्यावरून गाडगेबुवा, गाडगेबाबा हे नाव पुढं टिकलं.

चिंध्यांची गोष्ट जरा वेगळी वाटते. ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची पांढरीशुभ्र धोतरं इस्त्री करून दिली, त्या समाजातला माणूस आयुष्यभर चिंध्या घालून फिरला. पण चिंध्या धुतलेल्या असायच्या. बाबांना गरिबीची लाज नव्हती, घाणीची होती.

ऋणमोचन हे अमरावती जिल्ह्यातलं पूर्णा नदीवरचं गाव. तिथं पौष महिन्यात रविवारी जत्रा भरते. नदीत अंघोळ केली की ऋण फिटतं अशी लोकांची श्रद्धा, नावातच ते आहे. आता ज्याचा मामा ऋणापायी मेला, तो माणूस या गावात येऊन काय विचार करत असेल? बाबांनी तिथं कोणाला ऋण फिटायचा मंत्र दिला नाही. त्यांनी बघितलं की नदीकाठ चिखलाचा आहे, म्हाताऱ्या बायका घसरतात. त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून 1908 मध्ये तिथं घाट बांधायचं काम हाती घेतलं. त्यांच्या बांधकामाची सुरुवात अशी नदीच्या घाटापासून झाली. परटाचं सगळं आयुष्य जिथं जातं तिथंच.

पुढं त्यांची रीत ठरून गेली. गावात यायचं ते झाडत यायचं. कोणाला सांगायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. पाहुणा माणूस आपली गटार काढतोय हे बघून गावातले लोक आधी हसायचे, मग लाजायचे, मग फावडं घेऊन बाहेर यायचे. दिवसभरात गाव साफ. रात्री कीर्तन. कीर्तन संपलं की पाया पडायला गर्दी होणार हे ओळखून बाबा अंधारात पसार. पायाला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. गुरू केला नाही, शिष्य केला नाही, मठ काढला नाही.

हातानं घाण काढायचं काम गावानं काही जातींच्या गळ्यात बांधलं होतं. कपड्याचा मळ परटानं काढायचा, मेलेलं जनावर दुसऱ्यानं ओढायचं, मैला तिसऱ्यानं उचलायचा. बाकीच्यांनी स्वच्छ राहायचं आणि या लोकांना हलकं म्हणायचं. बाबांनी पाटलाच्या, सावकाराच्या, भटजीच्या हातात खराटा दिला. यात फक्त रस्ता साफ होत नव्हता. ज्या कामावरून एखाद्याला हलकं ठरवलं जातं तेच काम सगळ्यांनी केलं की हलकं कोण उरतं? हे त्यांनी भाषण न करता दाखवून दिलं. आजच्या खराट्याच्या फोटोत हा भाग गळून जातो.

त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्न-उत्तरांचा फड. बोली वऱ्हाडी. संस्कृत श्लोक नाहीत, पोथी नाही. देवकीनंदन गोपाळाचं भजन सुरू करायचे आणि मधेच थांबून लोकांना विचारायचे. देव बकरं खातो का? खात असेल तर वाघ का खात नाही, गरीब बकरंच का? सत्यनारायणाच्या पूजेनं बुडालेली बोट वर येते म्हणतात, तर युद्धात समुद्रात बुडालेल्या बोटी पूजा घालून का काढत नाहीत? लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, हे ते परत परत सांगायचे. आणि सगळ्यात जास्त भर लेकरांच्या शाळेवर. त्यांचं म्हणणं असं, की जेवायची ताटं मोडावी लागली तर मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं हलकं घ्या, पडक्या घरात राहा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. ज्यानं स्वतः शाळा पाहिली नाही तो माणूस हे सांगत होता. मामाच्या त्या वहीची आठवण त्यांना रोज होत असणार.

1923 मध्ये बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. मुलगा गोविंदा वारल्याची बातमी तिथं आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. जगात रोज कितीजण मरतात, कोणाकोणासाठी रडायचं, असा त्यांचा सूर होता. काही लोकांना हे संताचं लक्षण वाटतं, काही बायांना हे ऐकून राग येतो. दोन्ही खरं आहे.

पंढरपूरची वारी ते चुकवत नसत, पण विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला जात नसत. ते चंद्रभागेच्या वाळवंटात असायचे. लाखो वारकरी येतात, वाळवंटात घाण होते, ती कोण काढणार? बाबा आणि त्यांची माणसं. आणि त्या काळात दलित वारकऱ्याला पंढरपुरात राहायला जागा मिळत नव्हती. पाऊस आला तरी उघड्यावर. बाबांनी 1917 मध्ये चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मराठा धर्मशाळा पण झाली. मग नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशी रांग लागली. नाशिकला अनाथ-अपंगांसाठी अन्नछत्र सुरू झालं. मूर्तिजापूरला गोरक्षण झालं.

एवढा पैसा आला तो लोकांच्या वर्गणीतून. आणि या पैशाची व्यवस्था बाबांनी कशी लावली ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक ठिकाणी ट्रस्ट. कागद पक्का, नोंदणी पक्की, हिशोब लेखी. स्वतः निरक्षर, पण कागदाच्या बाबतीत एवढे कडक, की ट्रस्टमध्ये आपल्या घरातल्या किंवा नात्यातल्या कोणाचा हक्क राहणार नाही अशी तजवीज करून ठेवली. मामाला पावती मिळाली नव्हती. भाच्यानं लोकांच्या रुपयाची पावती ठेवली. आज गावोगावच्या संस्था बघा, आजोबाच्या नावाची संस्था नातवाच्या खिशात असते. हे कोणत्या एका संस्थेला उद्देशून नाही, सगळीकडं बघायला मिळतं.

त्यांच्या ओळखी मोठमोठ्या माणसांशी होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला त्यांनी जीव लावून मदत केली, म्हणून 1954 मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. तुकडोजी महाराज त्यांना मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांच्याबद्दल आदर होता आणि बाबांना बाबासाहेबांबद्दल. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं पोरांच्या वसतिगृहासाठी सोपवली. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, बाबा हयात असतानाच. 1952 मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं.

या सगळ्या काळात आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, सप्टेंबर 1948 पर्यंत. इथल्या परटाला देशमुख-पाटलाच्या वाड्याचं धुणं, बलुत्याची ज्वारी आणि वरून निजामाचा अंमल. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा, वाण, कुंडलिका आणि वरच्या अंगाला गोदावरी, या नद्यांच्या काठाला परटाचे दगड होते. काही गावांत ते झिजलेले दगड अजून जागेवर आहेत. बायका त्यावर गोधड्या धुतात.

पण धंदा दगडावर राहिला नाही. आधी रोकड मजुरी आली तशी बलुत्याची ज्वारी आटली. मग टेरिकॉट आलं, त्याला खळ लागत नाही, इस्त्री पण कमी. मग धुण्याची स्वस्त पावडर आली, घरोघरी बायका कपडे धुवायला लागल्या. आता मशीन. नदीत पाणी वर्षातून चार महिने, वाळू उपसून डोह गेले. 2016 च्या उन्हाळ्यात जिल्हा टँकरच्या पाण्यावर जगला. प्यायला पाणी नाही तिथं लोकांचे कपडे धुवायला कुठून आणायचं? परीट समाजाची बरीच घरं तालुक्याच्या गावाला आली, एका टपरीत टेबल आणि इस्त्री. आधी कोळशाची, आता लाईटची. लाईट गेली की धंदा बंद. लग्नसराईत चार पैसे सुटतात, पावसाळ्यात हात बांधून बसायचं. आता लाँड्रीचा बोर्ड कोणीही लावतो, जात लागत नाही. हे एका अर्थानं बाबांना हवं तेच झालं. पण ज्यांच्या पिढ्या यात गेल्या त्यांच्याकडं शेती नाही, भांडवल नाही, हे पण खरं आहे.

समाजाची अनुसूचित जातीच्या सवलतींची मागणी जुनी आहे. राज्यात परीट-धोबी इतर मागासवर्गात मोडतात. पूर्वी मध्य प्रदेशात असताना भंडारा आणि बुलढाणा या जिल्ह्यांत धोबी अनुसूचित जातीत होते आणि राज्यं बदलल्यावर ते गेलं, असं समाजाचं म्हणणं आहे. त्यावर 2001 मध्ये डॉ. दशरथ भांडे यांची समिती नेमली गेली. दर निवडणुकीला त्या अहवालाची आठवण निघते. मागणी बरोबर की नाही यावर वाद घालणारे घालोत. पण स्वच्छतेसाठी परटाच्या पोराचं नाव लागतं आणि परटाच्या कागदाला इतकी वर्षं लागतात, हे लोकांच्या लक्षात येतं.

नावाची मात्र कमी नाही. 2000-01 पासून राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री. त्या एक-दोन वर्षांत गावं खरोखर झाडली गेली, हागणदारीवर लोक बोलायला लागले, बायांनी पुढाकार घेतला. बक्षिसासाठी का होईना, गावात एकी झाली. अमरावती विद्यापीठाला 2005 मध्ये बाबांचं नाव दिलं. ज्यानं सही कशी करायची ते शाळेत शिकलं नाही, त्याच्या नावाची डिग्री आता पोरांच्या हातात असते.

शेवटच्या वर्षी बाबा ऐंशीचे होते. शरीर थकलं होतं, फिरणं थांबलं नव्हतं. 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते शेवटचं मोठं कीर्तन. ते रेकॉर्ड करून ठेवलेलं आहे, मोबाइलवर पण ऐकायला मिळतं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी एकदा ऐकावं. आवाज म्हातारा आहे, पण समोरच्या पोलिसांना प्रश्न विचारताना त्यात जरा पण भीड नाही.

त्यानंतर महिनाभरात, 6 डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. बरोबर 14 दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 ला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. घरात नाही, मठात नाही. रस्त्यात, आणि एका नदीजवळ. अमरावतीत आज गाडगेनगर म्हणतात तिथं त्यांची समाधी आहे. स्वतःच्या नावावर ना घर, ना शेत.

मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या गरिबाची राहायची सोय व्हावी म्हणून बाबांनी जे. जे. रुग्णालयाच्या आवारात पण धर्मशाळा करून घेतली होती. पुढं मिशननं दादरला एक बांधली. टाटा रुग्णालयात कॅन्सरचे पेशंट येतात, त्यांच्यासाठी. बीड, केज, आष्टी, गेवराईहून रात्रीच्या गाडीनं निघालेली माणसं सकाळी फाईल आणि गाठोडं घेऊन तिथं पोचतात. जागा मिळाली तर थोड्या पैशात राहणं आणि जेवण होतं. तिथं कोणी कोणाला जात विचारत नाही. आपली जागा ज्यानं त्यानं झाडून ठेवायची, आणि दिलेल्या पैशाची पावती मागून घ्यायची.